जे दिसत नाही ते पाहणं : जयपूर, जैसलमेर आणि आपण

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'राजस्थानचं वाळवंट, राजवाडे आणि मंदिरं'. मी त्यांना म्हटलं, अहो, मी काही प्रवासवर्णनं लिहिणारी बाई नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. राजस्थानला एकदाच गेले, तेही ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर, आठ दिवसांत पाच शहरं. ते म्हणाले, तुम्हाला सुचेल तसं बोला. तेव्हा कुठं राहावं, काय खरेदी करावं हे आज माझ्याकडून मिळणार नाही. एखादं स्थळ आपण पाहतो तेव्हा नेमकं काय पाहतो, एवढंच मी विचारणार आहे. आणि त्यासाठी सुरुवात इथूनच, शनिवारवाड्यापासून करते.

बाहेरगावचे पाहुणे घेऊन तुम्ही शनिवारवाड्यात गेला असाल. दिल्ली दरवाजातून आत शिरलं की पाहुणे दोन मिनिटं इकडे तिकडे बघतात आणि विचारतात, "वाडा कुठे आहे?" मग आपण सांगतो की हाच वाडा. म्हणजे हा तट, ही जोती, हे कारंज्याचे हौद. बाकीचं १८२८ च्या आगीत गेलं. पाहुणे मान डोलावतात, पण हिरमुसतात. आपण मात्र त्याच मोकळ्या जागेकडे बघून गप्प होतो. डोळ्यांसमोर हिरवळ तीच, दगड तेच. मग आपल्याला काय दिसतं, जे त्यांना दिसत नाही?

आपल्या दर्शनशास्त्रात या प्रश्नावर फार जुना वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे मला कशानं कळतं? घडा असता तर डोळ्यांना दिसला असता. पण 'नसणं' ही काही रंगरूप असलेली वस्तू नव्हे. नैयायिक म्हणाले, अभावसुद्धा प्रत्यक्षानंच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि पुढे अद्वैती म्हणाले, नाही, त्याला वेगळं प्रमाण मानायला हवं. त्याचं नाव अनुपलब्धी. प्राभाकरांनी तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला. तो सगळा वाद आज नको, नाहीतर इथंच रात्र होईल. त्यातली एक अट मात्र आपल्या कामाची आहे. अनुपलब्धी 'योग्य' असावी लागते. म्हणजे वस्तू तिथं असती तर मला ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. खांबावर पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असंही सिद्ध होत नाही, कारण पिशाच असतं तरी दिसणारं नव्हतंच!

मी यात माझ्या पदरची एक अट घालते. शास्त्रकारांनी ती या शब्दांत सांगितलेली नाही. उजेड हवा, डोळे हवेत, आणि इथं काय असायला हवं होतं हे मनात हवं. घड्याची कल्पनाच नसलेल्या माणसाला घड्याचा अभाव कसा कळणार? त्याला नुसती जमीन दिसेल. शनिवारवाड्यात आपल्या पाहुण्यांना दिसते तशी.

आता जयपूरला जाऊ.

आमच्या सहलीत जयपूरला दीड दिवस होता. त्यात गैटोर नावाचं ठिकाण होतं. नाहरगडाच्या पायथ्याशी जयपूरच्या राजांच्या छत्र्या आहेत, म्हणजे स्मारकं. सवाई जयसिंहाची संगमरवरी छत्री फार सुंदर आहे. टूर मॅनेजरनं वीस मिनिटं दिली. आम्ही फोटो काढले, ताईनं पायरीवर बसून गुडघ्याला मलम लावलं, बसमध्ये परत आलो, चहा झाला. (बरोबर स्वयंपाकी पुण्याचाच होता. राजस्थानात आठ दिवस राहून आम्ही कांदेपोहे आणि वरणभात खाल्ला, यावरही एक व्याख्यान होईल.) मी समाधानानं वहीत लिहिलं : गैटोर, राजांच्या छत्र्या, उत्तम कोरीवकाम.

घरी आल्यावर वाचताना लक्षात आलं की त्या छत्र्यांत एक राजा नाही. सवाई जयसिंहाचा मुलगा आणि त्याच्यानंतर गादीवर बसलेला ईश्वरीसिंह. त्याचं दहन गैटोरला झालं नाही; ते राजवाड्याच्या आवारात, जयनिवास बागेच्या बाजूला झालं आणि छत्रीही तिथंच आहे. मी वीस मिनिटं त्या जागी उभी होते आणि मला हे नसणं दिसलं नाही. उजेड होता, चष्मा होता. मनात ईश्वरीसिंह नव्हता. आणि तो असायला हवा होता, कारण त्याच्या मरणाशी आपला, म्हणजे पुण्याचा, थेट संबंध आहे.

हा संबंध मात्र मरणापासून सुरू होत नाही. तो एका यात्रेपासून सुरू होतो, आणि ती गोष्ट जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

१७३५ साल. बाजीरावांच्या आई राधाबाई. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेले, त्याला पंधरा वर्षं झालेली. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत झालेली, म्हणजे वाडा तीन वर्षांचा. राधाबाईंच्या मनात काशीयात्रा होती. फेब्रुवारीत त्या मोठ्या लवाजम्यासह पुण्याहून निघाल्या. बऱ्हाणपूर, मग नर्मदा, मग उदेपूर. तिथं त्या पोचल्या मे महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. मग नाथद्वारा, पुढे जयपूर. जयपुरात मुक्काम लांबला. तिथून मथुरा-वृंदावन, प्रयाग, काशी, गया. परत पुण्याला यायला १७३६ चा जून उजाडला. सोळा महिन्यांची यात्रा!

त्या मुलखात मराठ्यांबद्दल प्रेम होतं असं अजिबात नाही. मराठी फौजा माळव्यात स्थिरावत होत्या, राजपुतान्याच्या सीमा ओलांडत होत्या. तरीही राधाबाईंचा सगळीकडे मान राखला गेला. उदेपूरच्या महाराण्यानं आदरानं स्वागत केलं, जयसिंहानं तर आपल्या राज्यात त्यांची सगळी व्यवस्था ठेवली. महंमदखान बंगश, ज्याला बाजीरावांनी १७२९ मध्ये बुंदेलखंडात नमवलं होतं, त्यानंही त्यांच्याशी सौजन्यानं वागण्यात कसूर केली नाही. यात राजकारण होतं, हे उघड आहे. बाजीरावांशी तडजोड व्हावी हे जयसिंहाला हवंच होतं, आणि पुढच्याच वर्षी बाजीराव स्वतः राजपुतान्यात येऊन त्याला भेटले. पण आईचा मान राखणं हे राजकारणाचं साधन होऊ शकतं, यातूनच त्या काळी तो मान किती खरा मानला जात होता हे कळतं. ज्याची किंमत नाही ते कोणी नजराणा म्हणून देत नाही.

आता जरा कल्पना करा, राधाबाईंनी काय पाहिलं असेल. त्याआधी त्यांनी काय पाहिलं नसेल ते बघू, कारण ते खात्रीनं सांगता येतं. उदेपूरला आपण सगळे पिछोला तलावातला तो पांढरा महाल बघतो, जगनिवास, जिथं आता हॉटेल आहे. तो राधाबाईंनी पाहिला नाही, कारण तो १७४० च्या दशकात बांधला गेला. जयपूरला आपण आधी हवामहाल बघतो. तो १७९९ चा. शहराचा गुलाबी रंग? तो १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून दिलेला. म्हणजे 'प्राचीन गुलाबी नगरी' म्हणून आपण जे बघतो त्यातलं बरंचसं त्यांच्यासमोर नव्हतं. त्यांच्यासमोर होतं एक कोरं करकरीत शहर, आठ वर्षांपूर्वी पायाभरणी झालेलं, सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारखी दुकानं, नुकतीच उभी राहिलेली जंतरमंतरची यंत्रं. कसब्याच्या बोळांतून गेलेल्या बाईला ते रुंद रस्ते बघून काय वाटलं असेल! नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींची मूर्ती १६७२ पासून होती. तिथलं दर्शन मात्र त्यांचं आणि आपलं एकच.

त्या काय म्हणून गेल्या होत्या? यात्रेकरू आणि पाहुणी म्हणून. देवाच्या दारी यात्रेकरूला मान खाली घालायची असते, आणि पाहुणीला यजमानाचं नाव माहीत असतं. आमच्या बसमध्ये आम्हाला यजमान नव्हता. तिकीट होतं. तिकीट वाईट असतं असं मी म्हणत नाही, तिकिटामुळेच माझ्यासारखीला राजाच्या दिवाणखान्यात शिरता आलं. पण तिकीट घेतलं की पुढचं काही विचारायची जबाबदारी आपल्यावर राहत नाही, असं आपल्याला वाटू लागतं.

आता पुढची गोष्ट. बाजीराव १७४० मध्ये गेले, जयसिंह १७४३ मध्ये. जयपूरच्या गादीवरून दोन भावांत तंटा लागला. थोरला ईश्वरीसिंह, धाकटा माधोसिंह, मेवाडच्या राजकन्येचा मुलगा. तिच्या पोटी मुलगा झाला तर गादी त्याला, असा करार लग्नाच्या वेळीच झाला होता. दोघांनीही मराठ्यांची मदत मागितली. दोघांनीही पैसे कबूल केले. १७४७ ला राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला आणि त्या विजयाचा मनोरा त्यानं भर शहरात बांधला. त्याला ईसरलाट म्हणतात, सरगासूलीही म्हणतात. १७४८ ला बगरूच्या लढाईत मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूनं उतरले आणि ईश्वरीसिंहाला नमतं घ्यावं लागलं. खंडणी कबूल झाली. ती देण्याएवढा पैसा खजिन्यात नव्हता. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज वसुलीसाठी जयपूरजवळ आली. ईश्वरीसिंहानं विष घेतलं. नागाचा दंश करवून घेतला असंही सांगतात. त्याच्या राण्यांनीही विष घेतलं. हा माणूस काही संत नव्हता. केशवदास नावाच्या आपल्या कर्तबगार मंत्र्याचा बळी त्यानंच घेतला होता, आणि त्याचा रागही होळकरांना होता. पण वसुलीला आलेल्या फौजेची चाहूल लागून एक राजा विष पितो, आणि ती फौज पुण्याच्या नावानं आलेली असते, हे टाळून पुढं जाता येत नाही.

माधोसिंह गादीवर आला. मराठ्यांच्या मदतीनं आला, तेव्हा मागण्या आणखी वाढल्या. आणि मग १७५१ च्या जानेवारीतला तो दिवस. तळ शहराबाहेर होता. वातावरण निवळलं असं समजून मराठी तळावरची काही हजार माणसं शहर बघायला आत गेली. हो, शहर बघायला! नवं, देखणं शहर, त्याची देवळं, बाजार. घोडे, खोगिरं, दागिने घ्यायचे होते. त्यांत शिपाई होते, ब्राह्मण होते, बायकामुलंही होती. दुपारी दंगा उसळला. वेशीचे दरवाजे बंद झाले. शहराच्या लोकांनी सापडेल त्याला मारलं, रात्रीपर्यंत. मृतांचा आकडा हजारांत सांगितला जातो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला ती माणसं दिसली. खोगिराचा भाव करणारा कोणी, देवळात नमस्काराला वाकलेली कोणी. ती मंडळी जे करत होती तेच मी केलं होतं. जोहरी बाजारात ताईनं लाखेच्या बांगड्यांचा भाव केला होता, आणि तीनशेच्या दीडशेवर आणल्या म्हणून बसमध्ये सगळ्यांना दाखवल्या होत्या.

मारणाऱ्यांचं मला समर्थन करायचं नाही. बायकामुलांना मारणं याला समर्थन नसतं. पण मेलेल्या आपल्या माणसांना तेव्हा एक गोष्ट दिसली नव्हती. आपण त्या शहरात कोण म्हणून आलो आहोत, हे. त्यांना वाटलं, आपण बघे. शहराला दिसत होते वसुलीदार. सोळा वर्षांपूर्वी राधाबाई त्याच वेशीतून पाहुणी म्हणून आत गेल्या होत्या. वेस तीच होती. मधल्या सोळा वर्षांत नातं बदललं होतं, आणि नातं डोळ्यांना दिसत नाही. ते ठाऊक असावं लागतं.

आपल्या शाळेच्या इतिहासात अटकेपार झेंडे आहेत, आणि ते असावेत. पण त्याच दशकातलं जयपूर त्यात मला कधी भेटलं नाही. माझी शाळा पुण्यातली, शिक्षक चांगले, तरी नाही. इतिहासकारांनी लपवलं असं मात्र म्हणू नका. सरदेसायांनी लिहिलं आहे, जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. लायब्ररीत आहे. सहलीच्या माहितीपत्रकात नाही एवढंच.

हिशोब पुढेही चालू राहिला. जयाप्पा शिंदे मारवाडच्या विजयसिंहाच्या विरुद्ध नागौरला वेढा घालून बसले होते. जुलै १७५५ मध्ये त्यांच्याच छावणीत त्यांचा खून झाला. नागौर म्हणजे वाळवंटाचा उंबरठा. तिथून पुढे बिकानेर, जैसलमेर. तेव्हा आपणही आता वाळूत जाऊ.

जैसलमेरला सगळ्या सहली समच्या टेकड्यांवर जातात. उंटावर बसायचं, सूर्यास्त बघायचा, रात्री नाचगाणं. जैसलमेरहून समकडे जाताना दोन्ही बाजूंना सपाट, खुरटं रान लागतं. आमच्यातले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, अर्धा तास खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, "इथं काहीच नाही हो." चालक तिथलाच होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण 'नाही' कळलं असावं. त्यानं बोट दाखवलं आणि हिंदीत म्हणाला, "ती झाडं दिसतात ना, ते ओरण आहे. देवीचं. तिथं कोणी फांदी तोडत नाही."

ओरण म्हणजे आपली देवराई. तिथं कुऱ्हाड चालत नाही, गुरं मात्र चरतात. खेजडी, बोर, केर, सेवण गवत. आणि वाळवंटात शेतीही आहे. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी खडीन नावाची पद्धत रुजवली. खडकाळ उताराच्या तळाशी लांबच लांब मातीचा बांध घालायचा. वर्षाकाठी तिथं पाऊस तो केवढा, २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. पण मोठ्या उतारावरचं पाणी थोड्या जमिनीत येऊन थांबतं, मुरतं, आणि ओल धरलेल्या त्या जमिनीत रब्बीचा गहू-हरभरा होतो, वरून पाणी न देता. पर्यटक ज्या कुलधरा गावाला 'भुताचं गाव' म्हणून जातात, ते याच पालीवालांचं. गाव एका रात्रीत उठलं अशी दंतकथा गाइड रंगवून सांगतो. जवळच्या खडिनांबद्दल बोलत नाही. भूत दिसत नाही तरी लोक ते बघायला जातात, आणि दिसणारा बांध कोणी बघत नाही. मघाशी सांगितलेल्या खांबावरच्या पिशाचाची आठवण झाली ना?

'इथं काहीच नाही' हे वाक्य निरुपद्रवी नाही. ते सरकारी कागदावर गेलं की 'पडीक जमीन' होतं. पडीक म्हटलं की ती कोणालाही द्यायला मोकळी. जैसलमेर भागात ओरणांच्या जमिनींवरून गावकऱ्यांचं आंदोलन चालू आहे, कारण सौर आणि पवन प्रकल्पांना मोकळी जागा हवी असते. वीज हवी, ती स्वच्छ हवी, हेही खरं. पण माळढोक पक्षी वर उंच ताणलेल्या तारांवर आपटून मरतात. त्याच्या डोळ्यांची ठेवण अशी की समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. माळढोकांपैकी बहुतेक सगळे आता त्याच जिल्ह्यात उरले आहेत.

आणि हे फक्त तिथलं नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांसाठीच अभयारण्य केलं. तिथं आता तो दिसणं हीच बातमी होते. पुण्यातून सासवडमार्गे सुप्याला जा. दोन-अडीच तासांत माळरान लागतं. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. तिथं चिंकारा आहे, लांडगा आहे, धनगरांच्या मेंढ्या आजूबाजूला आहेत. माझ्या सोसायटीतल्या कितीजणांनी समची वाळू पाहिली आहे आणि सुप्याचा माळ पाहिलेला नाही! त्या रस्त्यानं मोरगावला गणपतीला जाताना सगळे खिडकीतून तेच बघतात, आणि तेच म्हणतात.

एक चिठ्ठी आली आहे, वाचते. "आम्ही येत्या जानेवारीत जयपूरला जात आहोत. दोन दिवस आहेत. काय बघावं?" बरं झालं विचारलंत, नाहीतर मी बोलतच राहिले असते. हवामहाल, आमेर, जंतरमंतर तुम्ही बघालच, ते बघाच. पहिल्या दिवशी सकाळी गोविंददेवजींच्या आरतीला जा, गर्दी असते, चपला सांभाळा. आरतीनंतर देवळामागे तालकटोऱ्याच्या दिशेनं ईश्वरीसिंहाची छत्री कुठे आहे ते विचारा. पाटी शोधू नका, माणसांना विचारा. दुसऱ्या दिवशी गैटोरला जा, आणि तिथं किती छत्र्या आहेत त्यापेक्षा कोणाची नाही ते आठवा. आणि गुडघे साथ देत असतील तर त्रिपोलिया बाजाराजवळची ईसरलाट चढा. वरून जुन्या शहराचे सरळ रस्ते आणि वेशीचे दरवाजे दिसतात. दरवाजे आता उघडेच असतात. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, वर काही मिळत नाही.